तारेचं वर्तुळ काढलं तेव्हा : १९५० सालच्या एका टूटूचा अभ्यास

न्यूयॉर्कच्या पंचावन्नाव्या रस्त्यावर सिटी सेंटर नावाचं नाट्यगृह आहे. मुळात ते एका बंधुसंघटनेचं सभागृह होतं. १९४३ साली शहराने त्याचं नाट्यगृह केलं, तिकिटं सामान्य माणसाला परवडतील अशी ठेवली आणि १९४८च्या ऑक्टोबरमध्ये तिथेच न्यूयॉर्क सिटी बॅले ही नवी मंडळी उभी राहिली. रंगमंच लहान, खोली कमी, पैसा बेताचा. ११ ऑक्टोबर १९४८च्या पहिल्या प्रयोगात नृत्यरचनाकार जॉर्ज बॅलन्शिन यांची तीन नृत्यं होती. त्यातलं एक म्हणजे ‘सिंफनी इन सी’.

या नृत्याला कथा नाही. बिझे या संगीतकाराने १८५५ साली, वयाच्या सतराव्या वर्षी लिहिलेली सिंफनी, तिचे चार भाग, प्रत्येक भागाला एक मुख्य जोडी, दोन दुय्यम जोड्या आणि मागे मुलींचा ताफा. चौथ्या भागाच्या अखेरीस आधीच्या तिन्ही भागांतले सगळे परत येतात. पन्नासच्या आसपास माणसं एकाच वेळी, एकाच तालात, अतिशय वेगाने नाचत असतात, आणि त्यात बहुतेक स्त्रिया.

अडचण इथेच होती.

त्या काळी शास्त्रीय बॅलेचा टूटू, म्हणजे नर्तिकेचा नेटचा आखूड घागरा, म्हटला की कमरेभोवती आडवी धरलेली थाळी. नेटचे थर एकावर एक टाचून घट्ट दाबायचे आणि मधल्या एका थरात तारेचं वर्तुळ, म्हणजे हूप, घालायचा. तारेमुळे घेर ताठ राहतो, खाली लोंबत नाही. एकटी नर्तिका मोठ्या रंगमंचावर असेल तर ही थाळी फार देखणी दिसते. पण अशा दोघी जवळून गेल्या आणि एकीची कड दुसरीच्या कडेला लागली की काय होतं? तारेचं वर्तुळ अखंड असतं. त्यामुळे एका बाजूला धक्का बसला की ती बाजू खाली जाते आणि समोरची वर उचलली जाते. पाण्यावर ठेवलेल्या ताटासारखी ती थाळी डोलू लागते. ती डोलली की पलीकडचीला लागते, पलीकडची आणखी पुढचीला. पाय, हात, ताल सगळं अचूक असूनही रांगेभर पांढऱ्या थाळ्या आपापल्या लयीत हेलकावत राहतात आणि प्रेक्षकाचं लक्ष तिकडेच जातं.

रंगमंच वाढवता येत नव्हता. मुली कमी करणं म्हणजे नृत्यच मोडणं. वेग कमी करणं बॅलन्शिन यांना मान्य होण्यासारखं नव्हतं, कारण वेग हाच त्यांच्या नव्या शैलीचा प्राण. उरला कपडा. आणि हे काम ज्यांच्याकडे गेलं त्या बाईंचं नाव बार्बरा करिन्स्का.

हे प्रकरण मी अभ्यासायला घेतलं त्यामागचं कारण तसं शिवणाचंच आहे. युद्धानंतरच्या फॅशनबद्दल बोलताना सगळे पॅरिसच्या मोठ्या घेराबद्दल बोलतात. त्याच वर्षांत, त्याच नेटमधून, त्याच माणसांच्या ओळखीपाळखीत वाढलेल्या एका शिवणकर्तीने नेमका उलटा रस्ता धरला, आणि तिचं उत्तर मला जास्त खरं वाटतं.

आधी पॅरिस

१२ फेब्रुवारी १९४७ रोजी आव्हेन्यू माँतेन्यवरच्या तीस क्रमांकाच्या इमारतीत ख्रिश्चन डिओर यांनी आपल्या नावाच्या फॅशनघराचं पहिलं प्रदर्शन केलं. उतरते गोल खांदे, आवळलेली कंबर, तिच्याखाली भरदार नितंब आणि पोटरीपर्यंत आलेला घेर. ‘हार्पर्स बझार’च्या संपादिका कार्मेल स्नो यांच्या तोंडून निघालेले ‘न्यू लुक’ हे दोन शब्द त्या संग्रहाला कायमचे चिकटले.

तो घेर डोळ्यांत भरला, कारण त्याआधीची वर्षं कापडाच्या टंचाईची होती. ब्रिटनमध्ये १ जून १९४१पासून कपडे कूपनवर मिळत, आणि ती पद्धत १५ मार्च १९४९ला संपली. लोकरीच्या एका झग्याला अकरा कूपन द्यावी लागत. अमेरिकेत सरकारी हुकमाने घागऱ्याचा घेर आणि दुमड मोजून दिलेली. आपल्याकडेही त्या वर्षांत ‘कंट्रोलचं कापड’ हा शब्द घराघरांत होता. अशा जगात एका पोशाखाला दहा-पंधरा मीटर कापड, काहींना त्याहूनही जास्त! पॅरिसच्या रू लपिक या बाजाराच्या रस्त्यावर छायाचित्रं काढायला गेलेल्या मॉडेलच्या अंगावरचा नवा झगा तिथल्या बायकांनी चिडून फाडल्याची घटना त्याच वर्षीची. मला त्या बायकांचा राग समजतो. ज्यांच्या घरात मुलांच्या अंगावर घालायला धड नव्हतं, त्यांच्यासमोर हा घेर मिरवत आला होता.

तरी तो टिकला आणि जगभर गेला. त्याच्या आत काय होतं हे पाहिलं की बॅलेशी त्याचं नातं कळतं. वरून मऊ दिसणारा घागरा आतून अक्षरशः बांधलेला असे: अस्तर, त्यावर अस्तर, नेटचे थर, कमरेला कडक पट्ट्या घातलेली चोळी. आजही आपल्याकडे लग्नाचा घागरा शिवायला टाकला की शिंपी विचारतो, “कॅनकॅन लावायचा का?” घेर फुगवायला आत नेटचे थर लावण्याची ही युक्ती. बॅलेच्या कपडेपटात ती एकोणिसाव्या शतकापासून होती. १८३२ साली पॅरिस ऑपेरात मारी ताल्योनी पांढऱ्या तरल घागऱ्यात पायाच्या टोकांवर नाचली, तेव्हापासून नेट आणि तार्लातान (खळ दिलेलं विरळ सुती कापड) हे नर्तिकेचं कापड झालं होतं. १९४७ नंतर तेच संध्याकाळच्या झग्यांत उतरलं. डिओर यांच्या १९४९च्या एका झग्याचं नावच ‘सिन्य न्वार’, म्हणजे काळा हंस. पोटरीच्या मध्यावर संपणाऱ्या पार्टीच्या झग्याला फॅशनवाले ‘बॅलेरिना लांबी’ म्हणू लागले.

देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी चालली होती. १९४७ सालीच डिओर यांनी नृत्यरचनाकार रोलाँ पती यांच्या ‘त्रेझ दाँस’ या बॅलेचे कपडे केले. रोलाँ यांच्या आई रोझ रेपेतो यांनी त्याच वर्षी पॅरिसमध्ये बॅलेचे बूट शिवायला सुरुवात केली, आणि १९५६ साली अभिनेत्री ब्रिजित बार्दो यांच्यासाठी त्यांनी रस्त्यावर घालायचा सपाट बूट केला. अमेरिकेत तर हे युद्धातच झालं होतं. १९४३पासून चामड्याच्या बुटांवर रेशन आलं, पण नाचाचे बूट त्यातून सुटले. क्लेअर मॅककार्डेल या डिझायनरने कपेझिओ या नाचाचे बूट करणाऱ्या कंपनीकडून तसलेच सपाट बूट पक्का तळवा लावून घेतले आणि आपल्या झग्यांखाली चालवले. आज कॉलेजच्या मुलींच्या पायात दिसणारी बेली तिथून आली आहे.

आणि याच पॅरिसमध्ये, डिओर यांच्या प्रदर्शनानंतर साडेपाच महिन्यांनी, २८ जुलै १९४७ रोजी ऑपेरात बॅलन्शिन यांचं एक नवं नृत्य झालं. नाव ‘ल पाले द क्रिस्ताल’, स्फटिकाचा महाल. कपडे चित्रकार लिओनोर फिनी यांचे, प्रत्येक भागाला वेगळा रंग. ‘सिंफनी इन सी’ म्हणतात ते हेच नृत्य. पॅरिसचा रंगमंच भव्य, तिथे सगळं मावत होतं. बॅलन्शिन ते घेऊन न्यूयॉर्कला परतले, २२ मार्च १९४८ला सिटी सेंटरमध्ये ते पहिल्यांदा झालं, आणि आता रंग काढून टाकून स्त्रिया पांढऱ्यात, पुरुष काळ्यात. नाव साधं झालं, रंग साधे झाले. घेराचं काय करायचं, हे राहिलं होतं.

करिन्स्काबाई

जन्म १८८६, खार्किव. भरतकाम घरातच शिकलेल्या. क्रांतीनंतर देश सोडला, पॅरिस गाठलं, आणि वयाच्या पंचेचाळिशीत बॅलेचे कपडे शिवायला लागल्या. १९३२ साली माँते कार्लोत बॅलन्शिन यांच्या ‘कोतियाँ’ या नृत्यासाठी चित्रकार क्रिस्तियाँ बेरार यांनी चित्रं काढली आणि करिन्स्काबाईंनी ती कापडात उतरवली. हेच बेरार पुढे डिओर यांचे जवळचे मित्र. १९४७ साली डिओर यांच्या दुकानाच्या सजावटीत त्यांचा हात होता. म्हणजे जग लहानच होतं.

१९३९ साली बाई न्यूयॉर्कला आल्या. तिथे त्या नाटकांना, चित्रपटांना, बॅलेला कपडे शिवून देत. १९४८च्या ‘जोन ऑफ आर्क’ या चित्रपटासाठी त्यांना डोरोथी जिकिन्स यांच्यासोबत ऑस्कर मिळालं. वेशभूषेला ऑस्कर द्यायला सुरुवात झाली ती त्याच वर्षी. पण दीर्घकाळ त्यांचं काम होतं दुसऱ्याचं चित्र शिवायचं. स्वतःच्या कल्पनेने बॅलन्शिन यांच्या बॅलेचे कपडे त्यांनी केले ते १९४९च्या ‘बुरे फँटास्क’ला, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी. पाठोपाठ १९५०ला ‘सिंफनी इन सी’ हाती आलं.

हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. चित्रकार कागदावर घेर काढतो तेव्हा तो एक रेषा काढतो, आणि ती रेषा स्थिर असते. ताठ थाळी ही कागदावर सुंदर दिसणारी गोष्ट आहे. जी बाई वीस वर्षं तालमीत, विंगेत, फिटिंगला उभी राहून नर्तकांच्या हालचाली पाहत आली, तिला कपडा हलताना दिसत असणार.

काय केलं, कसं केलं

करिन्स्काबाईंनी तार काढली. म्हणायला एवढंच. पण तार काढली की थाळी पडते, म्हणून बाकी सगळं नव्याने बसवावं लागलं.

टूटूचा खालचा भाग एका चड्डीवर उभा असतो. तिच्यावर नेटच्या चुणीदार पट्ट्या रांगेने शिवतात, मांडीकडून कमरेकडे चढत. सगळ्यात खालची पट्टी सगळ्यात आखूड, वरची लांब. म्हणजे खालचा प्रत्येक थर वरच्याला उचलून धरणारा आधार. करिन्स्काबाईंनी सहा-सात थर घेतले, आणि प्रत्येक वरचा थर खालच्यापेक्षा जेमतेम अर्धा इंच लांब. सगळा घेरच आखूड ठेवला. मग हे थर एकमेकांना सैल टाक्यांनी अडकवले. ताठ टूटूमध्ये हे टाके घट्ट असतात, थर दाबून सपाट करायला. इथे टाके सैल, त्यामुळे थरांमध्ये हवा राहते. घेर कमरेवरून आडवा न जाता नितंबांवरून हलकेच खाली उतरतो, फुगीर आणि मऊ. पावडर लावायच्या पफसारखा दिसतो म्हणून त्याला ‘पावडर पफ टूटू’ म्हणू लागले.

आता धक्का बसला तर काय होतं ते पाहा. कड जिथे लागली तिथे नेट दबतं आणि परत उसळतं. समोरच्या बाजूला त्याची खबरही जात नाही, कारण खबर नेणारी तार नाही. एकीचा धक्का तिच्यापाशीच संपतो. पन्नास माणसांच्या गर्दीचा प्रश्न असा मूळ जागीच सुटला. घेर आखूड झाल्याने दोघींमधलं अंतरही वाढलं ते वेगळं.

त्यातून आणखी दोन गोष्टी साधल्या, आणि त्या मूळ अडचणीपेक्षा मोठ्या ठरल्या. ताठ थाळी नर्तिकेचे दोन तुकडे करते, वर धड आणि खाली पाय. घेर उतरता झाल्यावर नितंबापासून पायाच्या टोकापर्यंत एक सलग रेष दिसू लागली. बॅलन्शिन यांच्या नृत्यात पाय उंच जातात, कंबर सरकते, तोल मुद्दाम ढळवलेला असतो. हे सगळं थाळीखाली झाकलं जात होतं. दुसरी गोष्ट जोडीदाराची. पुरुषाचे हात तिच्या कमरेवर असतात आणि थाळीची कड त्याच्या पोटाशी. ती कड मऊ झाली की त्याला जवळ उभं राहता येतं, आणि तिला वेगाने गिरक्या देता येतात.

चोळीचं काम तर मला टूटूच्या घेराहून जास्त आवडतं. शिवणाऱ्यांना हे लगेच कळेल. कापडाचा उभा धागा ताणत नाही, आडवा थोडा देतो, आणि तिरका, म्हणजे उरेब, कापलेला तुकडा चांगलाच ताणतो. चोळी सगळी उभ्या धाग्यावर कापली तर घट्ट बसते पण श्वास कोंडते. करिन्स्काबाईंनी चोळीचे अनेक तुकडे केले. मधला भाग सरळ धाग्यावर, म्हणजे समोरची रेष ढळायची नाही, आणि बाजूचे तुकडे उरेब. छातीचा पिंजरा श्वासाने रुंदावतो तो बाजूंना. तिथे कापड सरकून जागा देतं आणि श्वास सोडला की परत अंगाला लागतं. वेगवान भागाच्या अखेरीला धापा टाकणाऱ्या मुलीच्या अंगावरची चोळी तिच्यासोबत श्वास घेते.

याच वर्षांत डिओर यांच्या झग्यांची कंबर आत कडक पट्ट्या घालून आवळलेली होती. ते झगे अंगावर नसतानाही आपल्या आकारात उभे राहत, इतकी त्यांची बांधणी पक्की. कारागिरी म्हणून ती थोर आहेच. डिओर यांच्या कार्यशाळांतल्या बायकांचं काम जवळून पाहिलं तर हात जोडावेसे वाटतात. पण त्या बांधणीत बाईने कसं उभं राहायचं, कसं वळायचं, किती खायचं हे झग्याने ठरवलेलं आहे. करिन्स्काबाईंच्या चोळीला स्वतःचा आकार नाहीच. ती अंगात घातल्यावर पूर्ण होते. दोन्हीकडे तेच नेट, तीच बारीक कंबर, तोच घेराचा सोस. एका ठिकाणी शरीराला कापडाप्रमाणे वागायचं होतं आणि दुसऱ्या ठिकाणी कापडाला शरीराप्रमाणे. युद्धानंतरच्या बाईच्या कपड्याचा इतिहास लिहिताना पहिलंच उदाहरण घेतलं जातं, याची मला खंत आहे.

एक वर्षानंतर

इथे थांबलो तर प्रकरण फार सोपं दिसेल. करिन्स्काबाईंना न्यू लुकचं वावडं होतं असं मुळीच नाही. २० फेब्रुवारी १९५१ला, त्याच सिटी सेंटरमध्ये, बॅलन्शिन यांचं ‘ला व्हाल्स’ झालं. संगीत राव्हेल यांचं, प्रसंग एका मेजवानीतल्या नाचाचा. इथे बाईंनी स्त्रियांना लांब घागरे दिले: अंगाबरोबर बसणारी चोळी, आवळलेली कंबर, पोटरीपर्यंत उतरणारे नेटचे थर आणि कोपरावर जाणारे पांढरे हातमोजे. सरळ पॅरिसची छाया. पण वरचं नेट फिकं ठेवून खालच्या थरांना त्यांनी वेगवेगळे रंग दिले. नर्तिका उभी असते तेव्हा हे रंग नुसते झिरपल्यासारखे दिसतात. ती वळते, घेर उचलला जातो आणि आतली आग क्षणभर बाहेर येते.

टॅनाकिल ल क्लर्क ही मुख्य नर्तिका पांढऱ्यात होती. वय एकवीस, लांब बारीक हातपाय. पावडर पफ टूटूत सिंफनीच्या दुसऱ्या भागातली शांत, लांबवत नेलेली हालचालही तिच्याच अंगावर शोभे. ‘ला व्हाल्स’मध्ये मृत्यू मेजवानीला येतो आणि तिला एकेक काळी वस्तू देतो. काळा हार, काळे हातमोजे, पांढऱ्यावर घालायचा काळा पारदर्शक झगा. ती ते हातमोजे अधीरपणे ओढून घालते. कपड्याची भूल हाच इथे मृत्यूचा सापळा आहे. त्या वर्षांत फॅशनच्या मासिकांमधून जो घेर स्वप्न म्हणून विकला जात होता, तोच घेर रंगमंचावर आणून त्याच्या आतला अंधार दाखवणं हे बॅलन्शिन आणि करिन्स्काबाईंनी मिळून केलं. मला हे त्यांच्या सगळ्या कामांतलं सर्वांत धाडसी वाटतं. आणि यातही घागरा इतका हलका होता की मुली पळू शकत, उडी मारू शकत.

पुढे काय झालं

पावडर पफ टूटू एका नृत्यापुरता राहिला नाही. न्यूयॉर्क सिटी बॅलेमध्ये तो नेहमीचा झाला आणि इतर मंडळींनीही तो उचलला. १९५४च्या ‘नटक्रॅकर’चे कपडे करिन्स्काबाईंचेच. १९६४पासून त्या इतर कामं सोडून याच एका मंडळीसाठी शिवू लागल्या, वय अठ्ठ्याहत्तरीकडे. १९७७ सालचं ‘व्हिएन्ना वॉल्ट्सेस’ हे त्यांचं शेवटचं मोठं काम, १९८३ साली त्या गेल्या. आपल्या बॅलेच्या यशाचं अर्धं श्रेय बॅलन्शिन या बाईंना देत.

फॅशनमधला मोठा घेर पन्नाशीच्या दशकाअखेर उतरणीला लागला. डिओर १९५७ साली गेले आणि साठच्या दशकात स्कर्ट गुडघ्यावर चढले. बेलीचे बूट राहिले.

अभ्यास म्हणून पाहताना मला एक तारीख मात्र विसरता येत नाही. १९६४च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्क सिटी बॅले सिटी सेंटर सोडून लिंकन सेंटरच्या नव्या, प्रशस्त नाट्यगृहात गेली. ज्या अडचणीमुळे तार काढावी लागली ती अडचण त्या दिवशी संपली. ताठ, रुंद, तारेची थाळी आता तिथे सहज मावली असती. ‘सिंफनी इन सी’ नव्या रंगमंचावरही आखूड, मऊ, बिनतारेच्या घेरातच नाचलं गेलं.